मुलं गेली, आता कुत्र्यांना घेऊन गाडीतच राहावं का?

नलू कोथरूडकर

थोरला टोरांटोत आहेच, गेल्या ऑगस्टात धाकटीही बंगळूरला गेली. घरात आता आम्ही दोघं आणि दोन कुत्री. गोट्या साडेदहा वर्षांचा लॅब्रॅडोर. ठमी रस्त्यावरची, चार वर्षांची, एक कान उभा नि एक पडलेला. हे मार्चमध्ये रिटायर झाले आणि तेव्हापासून एकच टुमणं: कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घ्यायची, चौघांनी निघायचं, कंटाळा आला की परत यायचं. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आतलं सगळं सुताराकडून करून घ्यायचं त्यांच्या डोक्यात आहे.

नुसत्या गप्पा नाहीत. डिसेंबरात भाड्याची कॅम्पर घेऊन चार रात्री आंजर्ले, गुहागर करून आलो. ठमी तर वेडीच झाली. आंजर्ल्याला पट्टा सोडल्याबरोबर अर्धा तास उधळली, मग वाळूत नाक खुपसून हातभर खड्डा खणला आणि त्यात बसून आमच्याकडे बघत राहिली. गोट्याचं वेगळं. पहिली रात्रभर तो दाराकडे तोंड करून बसून होता. झोप नाही, वाटीतल्या पाण्याला तोंड नाही. पहाटे ह्यांनी ओंजळ पुढे केली तेव्हा प्यायला. तिसऱ्या रात्री मात्र घोरला, आणि असा घोरला की आम्हीच जागे.

माझं मत सांगून टाकते: निघावं, आणि ह्यांना घेऊनच निघावं. ('ह्यांना' म्हणजे कुत्र्यांना. हे तर येणारच.) बोर्डिंगचा अनुभव दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात घेतला. आठ दिवसांनी गोट्या घरी आला तो भुंकून भुंकून घसा बसलेला आणि अंगभर गोचिड्या. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत कोंबा. हॉटेलवाले फोनवर 'पेट फ्रेंडली' म्हणतात, समोर बत्तीस किलोचा लॅब उभा राहिला की भाषा बदलते.

जाऊबाई म्हणाल्या, "पोरं गेली म्हणून तुमची हौस, आणि त्रास त्या मुक्या जनावरांना." ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. बोला.

रानवाट

ताई, राग मानू नका, पण आंजर्ले वाचलं आणि तिथेच अडकलो. डिसेंबर म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. तिकडेच रत्नागिरीतल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी २००२ मध्ये काम सुरू केलं, कारण अंडी माणसं नेत होती आणि उरलेली कुत्री-कोल्ही उकरत होती. आजही कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात हलवतात. ठमीने हातभर खणलं ते तुम्हाला गोड वाटलं. तिला तिथे वास कसला आला होता?

आणि जंगलांचं तर नावच काढू नका. २०१८ मध्ये गीरला काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू मिळाला. कुत्र्यांचाच रोग. फिरा की तुम्ही दोघं, कुत्री घरी ठेवा.

नलू कोथरूडकर

पट्टा सोडायला नको होता. कासवांचं ऐकून होते, पण त्याच वाळूत, त्याच महिन्यात, हे डोक्यातच आलं नाही.

चहाबिस्कूट

झालं! एक पट्टा सुटला आणि आपण थेट गीरच्या सिंहांवर. डिस्टेंपर पसरतो तो लस न दिलेल्या मोकाट कुत्र्यांमुळे. ठमीचं लसीचं कार्ड बहुधा इथल्या निम्म्या सभासदांपेक्षा पूर्ण असेल (हलके घ्या).

'जनावराला त्रास' हे तर मला कळतच नाही. आमच्याकडे फलटणचे धनगर दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात येतात. मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं, आणि कुत्री. शेतात मेंढ्या बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी धान्य देतो, पावसाच्या आत परत. त्या कुत्र्यांना कुणी विचारलं का, बाबा तुला प्रवास सोसतो का? कुत्र्याचं घर भिंतींचं नसतं, माणसांचं असतं. माणसं जिथे, तिथे ते. नलूताई, खुशाल निघा.

माळावरचा

@चहाबिस्कूट, उदाहरण छान, पण उलटं धरलंय. माझा आजोळचा वाडा मेंढरांचा. ते कुत्रं चालतं. दिवसभर स्वतःच्या पायांनी, कळपाच्या कडेने, आणि रात्री त्याला काम असतं. लांडग्या-बिबट्यासाठी गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. ते माळावर पिल्लू म्हणून जन्मलं आणि माळावरच म्हातारं झालं. दहा वर्षं सोफ्यावर काढलेल्या लॅबला आठ फुटांच्या डब्यात बसवून दिवसाला तीनशे किलोमीटर नेणं आणि हे एकच का?

बिबट्यावरून आठवलं. रात्री कुत्रं गाडीबाहेर बांधू नका, जुन्नर-अकोल्याकडे तर मुळीच नाही. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तर खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेला शांत जागा दिसली की कॅम्परवाल्यांना मोह होतो. त्याला पण होतो.

गुरांचा डॉक्टर

मी लहान जनावरंही बघतो, नाव जुनं आहे. दोन गोष्टी.

पहिली उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो. त्याचं अंग मुळात ३८-३९ अंशांवर असतं, ४१च्या पुढे गेलं की जीवाशी खेळ. बाहेर ३० अंश असताना उन्हात बंद गाडी अर्ध्या तासात ४५च्या पुढे जाते. 'कॅम्परमध्ये एसी आहे की' म्हणाल. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज. छतावरचा एसी तासाला युनिटभर खातो. म्हणजे तुम्ही देवळात रांगेला उभे, आणि दोन-अडीच तासांत बॅटरी आडवी. छतावरच्या ४०० वॉटच्या पॅनेलने ती भरायला लख्ख उन्हाचा अख्खा दिवस जातो. तेव्हा कुत्री आत आणि दोघं बाहेर, हे मार्च ते जून एकदाही नाही. एकाने थांबायचं. हे ठरवूनच निघा, नाहीतर निघू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बोर्डिंगमधून आला तेव्हा घसा बसला होता म्हणालात. नंतर आवाज पूर्ण परतला का? आणि ते घोरणं पूर्वीपासूनचं की अलीकडचं? म्हाताऱ्या लॅबमध्ये स्वरयंत्राचा लकवा बऱ्यापैकी दिसतो. आवाज घोगरा होतो, श्वासाला घरघर येते, आणि अशा कुत्र्याला धाप टाकून गार होता येत नाही. इथे बसून निदान करत नाहीये. पण गाडीच्या आधी त्याचा घसा दाखवून घ्या.

डेनव्हरकर

आम्ही दोघं आणि एक बीगल, सहा वर्षं आरव्हीतून (इकडची मोठी कॅम्पर) फिरतोय. लेक कॉलेजला गेली त्याच उन्हाळ्यात गाडी घेतली. इकडे रात्रीच्या जागेला वीज-पाणी-मैल्याची जोडणी मिळते, म्हणून डॉक्टरसाहेबांचा हिशेब आम्हाला छळत नाही. पण इथे सगळं मोकळं आहे असं समजू नका. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कुत्र्याला पायवाटांवर बंदी. रस्ता, पार्किंग, कॅम्पग्राउंड, आणि त्यापासून शंभर फूट, बस्स. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. ग्रँड कॅन्यनला साउथ रिमच्या (दरीच्या दक्षिण काठाच्या) कडेकडेने नेता येतं, खाली दरीत नाही. त्यामुळे आम्ही पाळीपाळीने बघतो. बायको गीझर (जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) बघून येते, मी कुत्र्यापाशी. मग मी जातो. सहा वर्षांत दोघांचा एकत्र फोटो फारसा नाही.

तरी परत विचारलंत तर निघाच म्हणेन. फक्त 'चौघांनी मिळून जग बघू' हे चित्र आधीच पुसून टाका.

सिडनीतली लेक

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे आईबाबा गेल्या वर्षी असेच निघाले होते, कुत्र्यासकट. हिमाचलात दोन दिवस फोन नाही. मी इथे रात्री अडीचला ढाब्यांचे नंबर शोधत होते. बाबांना शुगर, आईचे गुडघे, आणि कुत्रं आजारी पडलं तर ते त्याला सोडून दवाखान्यातही जाणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक. कुणी आमचाही विचार करावा.

चहाबिस्कूट

@सिडनीतली लेक, काळजी समजते. पण तुम्ही विमानात बसलात तेव्हा आईबाबा किती रात्री जागले, विचारलंत कधी? मुलांनी उडायचं आणि आईबापांनी रेंजमध्ये राहायचं, असा करार कुठे झाला होता?

सिडनीतली लेक

नव्हता झाला. तरी रोज रात्री एक मेसेज मागणं म्हणजे करार नव्हे.

पासिंग फेल

जुन्या ट्रॅव्हलरवर सुतारकामाआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. मूळ रचनेत मनासारखे बदल चालत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. मी पलंग, सिंक, गॅस सगळं बसवून मग पासिंगला गेलो होतो. सगळं उचकटावं लागलं. आरसीवर कॅम्पर अशी नोंद असलेलीच गाडी बघा, नाहीतर भाड्याने घ्या. आणि गोव्याला जाणार असाल तर किनाऱ्यावर गाडीबाहेर शेगडी मांडू नका, २०१९ पासून उघड्यावर स्वयंपाकाला दंड आहे.

नलू कोथरूडकर

सगळं ह्यांना वाचून दाखवलं. कलम ५२ला ते गप्प झाले. ते गप्प होणं किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. ट्रॅव्हलर रद्द, भाड्याचीच घेऊ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच, आणि ठमीचा पट्टा किनाऱ्यावर सुटणार नाही. रानवाट, हे तुमच्यासाठी. कुत्री घरी ठेवा म्हणालात ते मात्र मान्य नाही.

डॉक्टर, गोट्याचा आवाज पूर्ण परत आलाच नाही. बोर्डिंगवाल्यांना शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो होतो. दारावर कुणी आलं की आता तो खोकल्यासारखा भुंकतो, आणि आम्ही त्याला 'आजोबा' म्हणून चिडवतो. मंगळवारची वेळ घेतली आहे.

डिसेंबरात त्याला गाडीत चढवायला दोघं लागत होतो. ह्यांची कंबर धरली, माझं मनगट दुखावलं. गाडीचा आतला तळ जमिनीपासून दोन फूट. उतार करायला फळी किती लांब लागेल? मंगळवारी काय निघायचं ते निघो, फळी करून ठेवते. दवाखान्यात न्यायलाही लागेलच.

माळावरचा

दोन फुटांना सहा फूट तरी घ्या. आणि वर काथ्याचं पायपुसणं खिळ्यांनी ठोका, नुसत्या प्लायवर लॅबचे पाय घसरतात. मंगळवारी काय झालं ते इथे लिहा.