राखणीची बंदूक म्हणायचं, हत्यार म्हणायचं की वेपन?

रानकाठ, खानापूर

मंडळी, आमच्या घरात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू-छर्रे ठासून भरायची, एकनळी बंदूक आहे. आधी आजोबांच्या नावावर होती, आता काकांच्या. परवाना पीकसंरक्षणाचा. घरात तिला 'राखणीची' म्हणतात, पुढं बंदूक हा शब्दसुद्धा लावत नाहीत. "राखणीची कुठं हाय?" एवढं विचारलं की पुरतं.

निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. २०२३ च्या कर्नाटक विधानसभेला केली, २०२४ च्या लोकसभेला परत केली. एका खेपेला जमा झालेल्या बंदुकांचा फोटो बातमीत आला. मूळ कानडी बातमीत 'नाड बंदूकु' होतं, त्याचं मराठी कुणीतरी 'गावठी बंदुका' असं केलं. पुण्याहून आतेभावाचा फोन, "मामांकडं कट्टा सापडला म्हणे?" काका सत्तरीचे. दोन दिवस पारावर गेले नाहीत. त्यांच्याकडं परवाना आहे, नूतनीकरणाची तारीख त्यांनी कधी चुकवली नाही, आणि एका शब्दानं ते चोरट्या कट्टेवाल्यांच्या रांगेत जाऊन बसले.

दुसरीकडं आमचीच पोरं. दसऱ्याला नांगर, कोयता, कुऱ्हाडीबरोबर बंदूकही पूजेला मांडतात. यंदा पुतण्यानं तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि खाली लिहिलं 'वेपन'. मला ते फार लागलं. माझं मत असं की ज्या कामासाठी परवाना मिळाला त्याच कामाचं नाव बंदुकीला असावं. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ सुद्धा ठासणीच्या बंदुकीचं नाव पीकसंरक्षणाला जोडूनच घेतं. मग आपण राखणीची म्हणावं. हत्यार नको, वेपन तर नकोच.

निवृत्त सुभेदार

काकांबद्दल वाईट वाटलं. गावठी म्हणजे बेकायदा असा अर्थ आता चिकटलाय, ते भाषांतर चूकच होतं. खरं तुमच्या बाकीच्या म्हणण्याला माझा विरोध आहे.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली. तिथं हत्यार म्हणजे हत्यार. हातात घेतलं की आधी रिकामं आहे का बघायचं, नळी माणसाकडं करायची नाही, वापरून झालं की साफ करून मोजून जमा करायचं. ही शिस्त त्या शब्दाबरोबर अंगात येते. आमच्या गावात मी उलटं बघतो. 'राखणीची' म्हटलं की ती कुदळीच्या पंगतीला जाते. दारामागं उभी, वर रेनकोट टांगलेला, आणि बऱ्याचदा भरलेली. कुदळ दारामागं ठेवावी. जिच्यातनं माणूस मरतो ती वस्तू दारामागं ठेवायची नसते. घरातल्या लहान पोराला "हत्यार आहे, हात लावू नको" म्हणून सांगितलं तर कळतं. "राखणीची आहे" म्हटल्यावर त्यानं काय समजायचं?

रानकाठ, खानापूर

सुभेदारसाहेब, दारामागचा मुद्दा मान्य. आमची पेटीत असते, केपांची, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोप्यांची, डबी वेगळ्या कपाटात. पण हत्यार हा शब्द फौजेत शिस्त लावतो कारण तिथं वर सुभेदार असतो. गावात तोच शब्द कानावर पडला की भांडण आठवतं. "हत्यार काढलं" म्हणजे काय, हे बांधावरच्या तंट्यात सगळ्यांनी ऐकलंय.

आणि बंदूक हा शब्द मुळात गरीब आहे. अरबीत बुंदुक म्हणजे एक टणक कवचाचं फळ. त्याच्यासारख्या गोल गोळीला तेच नाव पडलं, आणि मग गोळी फेकणाऱ्या वस्तूलाही. कानडीत कोवी म्हणतात, त्याचा अर्थ नळी. बारा बोर म्हणजे तरी काय, नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली तर एका पौंडात बारा भरतात. सगळी नावं वस्तूच्या घडणीवरनं आलेली. मारण्याचा भाव त्यात आपण घालतो.

कणकुंबीकडची लेक

मी बाहेरची नाही, बंदूक असलेल्या घरातली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या थोरल्या भावाचा उजवा डोळा गेला त्याला अकरा वर्षं झाली. रात्री चौघे भाताच्या राखणीला गेले होते. राखणीलाच, तुमच्याच शब्दात. रानडुकराच्या मागं बांध ओलांडून रानात शिरले, आणि पुढच्याच्या बंदुकीचे छर्रे मागच्याला लागले. तेव्हापासून घरी, गावात, कागदावर एकच वाक्य ऐकते, "बार उडाला."

या वाक्यात माणूस कुठं आहे? ठासणीची बंदूक अशी सहज उडत नाही. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, छर्रे सोडायचे, परत चिंधी, परत ठासायचं, मग बोंडावर केप बसवायची, घोडा मागं ओढायचा, चाप दाबायचा. एवढी कामं एका माणसाच्या हातांनी केली आणि शेवटी म्हणायचं बार उडाला. डुक्कर पडलं की मात्र "मी पाडलं". तेव्हा 'मी' कुठनं येतो?

तुम्ही नावावर भांडताय. राखणीची म्हणा, हत्यार म्हणा, माझ्या भावाला दोन्ही सारखंच. बदलायचं असेल तर क्रियापद बदला.

निवृत्त सुभेदार

ताई, तुमच्या भावाचं ऐकून बोलायला जीभ उचलत नाही. तरी एक सांगतो, कुणाची पाठराखण म्हणून नाही. केप बसवलेली बंदूक खांद्यावर टाकून झाडोऱ्यातनं चाललं की घोड्याला फांदी अडकते, निम्मा मागं जाऊन सुटतो आणि बार खरोखर उडतो. चापाला बोटसुद्धा लागत नाही.

कणकुंबीकडची लेक

केप कुणी बसवली, सुभेदारकाका?

निवृत्त सुभेदार

त्यानंच. तुमचं बरोबर आहे.

दहा मीटर, बेळगाव शहर

माझा विषय थोडा वेगळा आहे, खरं शब्दाचाच त्रास मला रोज आहे. मी एअर रायफल मारते. साडेचार मिलिमीटरची गोळी, दहा मीटरवर कागदी लक्ष्य, त्यात मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. पहिल्या खोलीच्या घरमालकिणीला मी सरळ "माझी बंदूक आहे, सरावाची" म्हणून सांगितलं. आठ दिवसांत खोली सोडायला लागली. आता मी 'रायफल' म्हणते, कधी 'खेळाचं साहित्य'. हे लपवणं नाही. बंदूक म्हटलं की समोरच्याला डाकू दिसतो, रायफल म्हटलं की पदक दिसतं. अमेरिकेत 'एआर' रायफलींचे मालक त्यांना 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' म्हणतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. लोकांचं अज्ञान असेल तर शब्द आपणच शिकवायचा.

निपाणीचा वकील

दहा मीटर, इथं गफलत होतेय. तुमची एअर रायफल खेळासाठीच बनली आहे, नाव आणि वस्तू जुळतात. अमेरिकेचं उदाहरण तसं नाही. 'एआर' म्हणजे आर्मालाइट या कंपनीची रायफल, 'असॉल्ट रायफल' (हल्ल्याची रायफल) नव्हे, आणि तिथले मालक याबद्दल चिडतात ते योग्यच आहे. १९९४ ते २००४ या काळात तिथं ज्या बंदुकांवर बंदी होती त्यांना कायद्यानं 'असॉल्ट वेपन' म्हटलं, हा शब्द मालकांना अपमान वाटतो. त्याला उत्तर म्हणून बंदूक उद्योगाच्या संघटनेनं २००९ मध्ये 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे नाव पुढं आणलं. म्हणजे एका बाजूनं भीतीचा शब्द, दुसऱ्या बाजूनं विक्रीचा. मालकाच्या घरातला शब्द यातला कुठलाच नव्हता.

रानकाठ यांच्या 'राखणीची'लाही माझा थोडा आक्षेप आहे. पीकसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, डुक्कर मारण्याचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथं वेगळा लागतो. खानापुरात तर भीमगड अभयारण्य शेताला लागून आहे. 'राखण' या शब्दाखाली किती पारध झाकली जाते हे मी कोर्टात बघतो.

रानकाठ, खानापूर

वकीलसाहेब, झाकली जाते, नाही म्हणत नाही. पण गवे एका रात्रीत अर्धा एकर ऊस आडवा करतात, तेव्हा तिथं बसणाऱ्या माणसाला पारधी म्हणणं अन्याय आहे. काका आभाळाकडं बार काढतात, गवे पळतात, काका परत खोपीत येऊन बसतात. त्याला राखणच म्हणतात.

कोडगूचं (कुर्गचं) बघा. त्यांच्या भाषेत बंदूक म्हणजे तोक. कैलपोळ्द या त्यांच्या शस्त्रपूजेच्या सणाला फुलं घालून पुजतात, मुलगा झाला तर एक बार, माणूस गेला तर दोन. कोडव लोकांना परवान्यातनं सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढवली. त्यांनी शब्द जपला म्हणून बंदुकीची ओळख टिकली. आमच्याकडं कानडीतनं मराठीत येतानाच ती हरवली.

ताईंना मात्र माझ्याकडं उत्तर नाही. मी वर 'बार काढतात' लिहिलंय ते आत्ता परत वाचलं. त्यात काढणारा माणूस दिसतो, ते तरी जमलं. काल काकांना विचारलं, १९९० च्या आसपास शेजारच्या म्हशीला छर्रे लागले तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं? म्हणाले, "बार उडाला म्हणालो."

कणकुंबीकडची लेक

म्हशीचे पैसे दिले का?

रानकाठ, खानापूर

दिले. दोन सुगींत फेडले.

निवृत्त सुभेदार

रानकाठ, पेटीला कुलूप आहे का तेवढं सांगा. आणि पुतण्याला एकदा माझ्याकडं पाठवा. रिकामी कशी बघायची ते शिकवतो. नाव काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.