‘बरा झालेला माणूस लिहीत नाही’ हे कोणी ठरवले?

मधले पान

बालपणी छळ सोसलेल्यांची आत्मकथने म्हणजे दुःखाचा बाजार आहे, ती सगळी एकाच साच्याची असतात, आणि ‘जो खरोखर बरा झाला तो लिहीत बसत नाही, जगतो’, असे ‘तर्कट’ यांनी परवा लिहिले. पहिली दोन विधाने मी सोडून दिली असती. तिसरे वाचून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून हे सविस्तर उत्तर.

या पुस्तकांतला मारहाणीचा भाग मी बहुतेक वेळा भराभर उलटते. मला वाचायचे असते ते नंतरचे. घर सोडून वीस वर्षे झालेला माणूस कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येताच टेबलावरचे कागद आवरू लागतो आणि चेहऱ्यावर ‘मी काही केलेले नाही’ असा भाव आणतो, आत येते ती त्याची बायको, आणि ती सहज विचारते, “काय झाले?” चाळिशीच्या त्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कोणी कौतुक केले की ‘आता याला माझ्याकडून काय हवे आहे’ हाच विचार आधी येणे, स्वतःच्या मुलावर आवाज चढला की त्या आवाजात दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज ऐकू येणे, हे सगळे कोणी लिहायचे?

फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांचा अमेरिकेतील १९९८ चा अभ्यास येथे बहुतेकांना ठाऊक आहे. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्या प्रौढांमध्ये मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चौपट ते बारापट आढळला. पण तो धोका अंगावर वागवत नोकरी कशी टिकवायची आणि लग्न कसे निभवायचे, हे कोणताही तक्ता सांगत नाही. ते ज्याने निभावले त्यानेच सांगायचे असते. शिवाय लिहिणे हे बरे न झाल्याचे लक्षण असेल, तर मानसशास्त्रज्ञ पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगाचे काय करायचे? सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आघाताविषयी लिहिणारे विद्यार्थी त्या वेळी अधिक अस्वस्थ झाले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या.

तर्कट

पेनबेकर यांच्या विद्यार्थ्यांचे लेखन कोणी छापून विकले नव्हते, एवढा बारीक फरक आपण सोयीस्करपणे गाळलात. लिहिण्याला माझा विरोध नाहीच. छापण्याला आणि छापलेले निमूटपणे खरे मानण्याच्या सक्तीला आहे.

विल्कोमिर्स्की या लेखकाचे प्रकरण विसरू नका. नाझी छळछावण्यांतल्या बालपणाचे त्याचे आत्मकथन १९९५ मध्ये आले, त्याला पुरस्कार मिळाले, समीक्षक गहिवरले. पुढे सिद्ध झाले की लेखक स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला आणि तेथेच वाढलेला होता, आणि १९९९ मध्ये प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावे लागले. तो जाणूनबुजून खोटे बोलत होता की स्वतःच त्या आठवणींवर विश्वास ठेवत होता, यावर अजून एकमत नाही. लॉफ्टस आणि पिकरेल या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या प्रयोगात लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची, कधीही न घडलेली घटना २४ जणांपैकी ६ जणांना पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवली’. असे असताना पुरावा मागणारा माणूस लगेच निर्दय कसा ठरतो?

निळी शाई

साच्याचे खापर लेखकांवर फोडू नका; मी बरीच वर्षे संपादनाचे काम केले आहे. एका हस्तलिखितात, दार बंद करून झोपायला शिकण्यावर जवळजवळ साठ पाने होती: आधी दिवा चालू ठेवून, मग दाराला खुर्ची लावून, मग खुर्ची काढून आणि पुन्हा महिनाभर खुर्ची लावून. ‘येथे काहीच घडत नाही’ असा शेरा वरून आला, त्या पानांची आठ झाली, आणि पट्ट्याने मारल्याचे प्रकरण उचलून पहिल्या पानावर आले. मुखपृष्ठावर गुडघ्यांत डोके घातलेले मूल, हे तर ठरलेलेच. बाजार आहे, हे ‘तर्कट’ यांचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य आहे. पण तो मांडणारे कोण, एवढे तरी त्यांनी पाहावे.

धाकटा भाऊ

आपण सगळे लेखक, वाचक आणि प्रकाशक यांच्याविषयी बोलत आहात. पुस्तकात जे असतात त्यांच्याविषयी कोणी बोलणार आहे का?

माझ्या मोठ्या बहिणीने असे आत्मकथन लिहिले आहे. त्यातली मारहाण खरी आहे. मी साक्षीला उभा राहीन. परंतु एका पानावर मी दारात उभा आहे आणि ‘तो हसत होता’ असे वाक्य आहे. मी सहा वर्षांचा होतो. भीती वाटली की माझे ओठ ताणले जातात आणि दात दिसतात. आजही कार्यालयात वरिष्ठ रागावले की तसेच होते आणि त्यापायी मी बोलणी खाल्ली आहेत. तिला हसू दिसले, म्हणून तिने हसू लिहिले. तिने नावे बदलली, पण ओळखीच्यांना ती ओळखू आलीच. मीही माझे आयुष्य उभे करत होतो, आणि कोणालाही काही न सांगणे हाच त्याचा पाया होता. तो तिने मला न विचारता काढून घेतला.

उत्तररात्र

म्हणजे आता मार खाणाऱ्याने बघणाऱ्याची परवानगी घ्यायची? अशा घरांत ‘घरातली गोष्ट घरातच राहू दे’ हेच तर पहिले हत्यार असते, आणि आपण तेच अधिक सभ्य भाषेत परजत आहात. ब्रिटनमधल्या वकील कॉन्स्टन्स ब्रिस्को यांच्या बालपणीच्या छळाविषयीच्या २००६ च्या आत्मकथनावरून त्यांच्या आईने बदनामीचा दावा लावला, आणि २००८ मध्ये ज्यूरीने लेखिकेच्या बाजूने कौल दिला. एवढे सोसून वर न्यायालयातही उभे राहायचे!

तर्कट

त्याच ब्रिस्को यांना २०१४ मध्ये न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल तुरुंगवास झाला, हेही सांगून टाका.

उत्तररात्र

सांगतो ना. ते प्रकरण पूर्णपणे वेगळे होते, आणि आपण ते येथे ओढून आणलेत यातच आपली रीत दिसते. लहानपणी मार खाल्लेल्याने पुढे आयुष्यभर संत राहिले पाहिजे, नाहीतर मारही खोटा. हा न्याय मारणाऱ्याला मात्र कोणी लावत नाही. तो म्हातारा झाला, एवढ्यानेच त्याला माफी मिळते.

मधले पान

‘धाकटा भाऊ’, आपल्या म्हणण्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. (यातून ‘तर्कट’ यांच्या बाजूला काही मिळते असे मात्र नाही, मार खरा होता हे आपणच सांगितले आहे.) परवानगी मागू नये या मताची मी अजूनही आहे, पण छापण्याआधी ज्याची त्याची पाने ज्याला त्याला दाखवायला काय हरकत आहे?

उत्तररात्र

हरकत आहे. मी माझी काही पाने विश्वासाने भावाला दाखवली. त्याने ती वडिलांच्या हातात ठेवली. त्यानंतर नातेवाइकांचे फोन, आईचे रडणे, ‘त्यांच्या हृदयाचा तरी विचार कर’. हस्तलिखित अजून कपाटात आहे. ज्यांच्या घरी दार ठोठावून आत येतात, त्यांना हा सल्ला शहाणपणाचा वाटणारच.

धाकटा भाऊ

मी ती पाने वडिलांकडे नेली नसती. पण हे आपण किंवा माझ्या बहिणीने कशाच्या आधारावर मानायचे, हे मलाही सांगता येत नाही. पुस्तक मागे घ्या असे मी कधीच म्हटले नाही. मला ते एक वाक्य खुपते.

तर्कट

‘बरा झालेला माणूस लिहीत नाही’ हे विधान मी मागे घेतो. येथे लिहिणारा काय आणि न लिहिणारा काय, कोणीच बरे झालेले दिसत नाही, तेव्हा माझ्या सिद्धान्ताला आधारच उरला नाही. पुराव्याचा मुद्दा मात्र जागच्या जागी आहे: सख्ख्या भावाचा चेहरा वाचण्यात जी स्मृती चुकते, ती आणखी कोठे चुकली असेल?

निळी शाई

‘चुकते’ हा आपला शब्द आहे. दात दिसत होते हे तिने बरोबरच पाहिले होते. यावर तोडगा निघू शकतो. टारा वेस्टओव्हर यांच्या २०१८ च्या आत्मकथनात जेथे भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत, तेथे काही ठिकाणी तळटिपा दिल्या आहेत, आणि त्यामुळे त्या पुस्तकावरचा माझा विश्वास वाढलाच. ‘धाकटा भाऊ’, पुढच्या आवृत्तीत तशी टीप घालावी असे बहिणीला कळवा.

धाकटा भाऊ

टीप चालेल, पण तिचा मजकूर मी लिहीन.

उत्तररात्र

जरूर लिहा. छापण्याआधी तिला दाखवा म्हणजे झाले.