तिकीट लॉस एंजेलिसचं, सही सॅन होजेची

हेडलाइट बंद म्हणून लॉस एंजेलिसला पोलिसांकडून मिळालेल्या तिकिटासाठी सॅन होजेहून पुन्हा तिथवर जायचं का, असं विचारलंत. अजिबात नको! तिकिटावर दोष दुरुस्त करता येण्याजोगा अशी खूण आहे ना, तेवढं बघा. मग दिवा बदलून गाडी घराजवळच्या पोलीस ठाण्यात न्या. तपासून दोष दुरुस्त झाल्याची सही तिकिटावर तिथेही मिळते. काही ठिकाणी त्याचेही पैसे घेतात, आधी फोन करा. ते तिकीट आणि प्रत्येक दोषामागे २५ डॉलर, मुदतीआधी टपालाने लॉस एंजेलिसच्या कोर्टाला. माझं पुढच्या नंबरप्लेटचं असंच निस्तरलं. सही घेऊन कागद ड्रॉवरमध्येच विसरलो होतो, बायकोने आठवण केली म्हणून वाचलो! विम्याचा कागद जवळ नव्हता म्हणून तिकीट असेल, तर पुरावा थेट कोर्टाला दाखवायचा.