कोरड्या काळाचे गोडवे गाणं आता थांबवा

पेटीवाला_पलासिया

सलाम मंडळी. आपल्या इंदूरच्या मराठी ख्रिस्ती गटात एक पोस्ट फिरते आहे, कुणा तरुण प्रवचनकाराची. मजकूर थोडक्यात असा: प्रार्थनेत काही जाणवत नसेल, शास्त्र वाचताना अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून सरकत असतील, तर आनंद करा. कोरड्या काळात झाडाची मुळं खोल जातात आणि देव आपल्या लाडक्यांनाच या शाळेत घालतो. खाली पहाटे उठून करायच्या गोष्टींची यादी. त्याखाली ‘आमेन’ची रांग.

मी लांब लिहिणार आहे. कंटाळा आला तर पुढे जा.

आधी त्या मुळांचं बघू. माझ्या सासऱ्यांची सांवेरकडे शेती आहे. शेंगा भरायच्या वेळी पावसाने ताण दिला तर सोयाबीनची मुळं खोलबिल काही जात नाहीत. काळ्या जमिनीला भेगा पडतात, मुळं तुटतात, दाणा पोचट राहतो आणि माणूस विम्याचे फॉर्म भरत बसतो. हे वाक्य लिहिणाऱ्याने शेत बायपासवरूनच पाहिलं असणार.

आता शास्त्र. कोरड्या काळाचे असे गोडवे तिथे कुठे आहेत? स्तोत्र ८८ काढा. पहिल्या ओळीत देवाला तारणारा म्हटलं आहे तेवढंच, पुढे सगळी तक्रार आणि शेवटही अंधारात. ‘तरी मी आनंद करीन’ असं वळण तिथे येत नाही. एलीया संदेष्टा तर १ राजे १९ मध्ये झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याच्या हातात यादी देत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला घालतो. देव बोलतो तो होरेब डोंगर त्यानंतर.

मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं पेटी वाजवतो. त्यातली निम्मी तरी अशी गेली की बोटं चालायची आणि आत काही हलायचं नाही. वाजवत राहिलो. त्याने माझी आत्मिक वाढ झाली का, ते बायकोला विचारा. ती फार तर सांगेल की हल्ली चहा गार झाला तरी हा ओरडत नाही. पण त्या वर्षांना कुणी ‘भेट’ म्हटलेलं मला चालणार नाही.

महूचे_भाऊसाहेब

पेटीवाले, सलाम. पोस्ट मलाही आवडली नाही, पण कारण उलटं आहे. ती फार मऊ आहे. यशया ५९:२ काय सांगतं? तुमच्या अपराधांनी तुमच्यात आणि देवात आडभिंत घातली. संपलं. मी लष्करी कँटीनची दारूची बाटली कपाटात ठेवून सकाळी शास्त्र उघडायचो आणि पाळकसाहेबांना विचारायचो की देव बोलत का नाही. शेवटी बाटली नाल्यात ओतली, भावाशी वाटणीत केलेली लबाडी निस्तरली, आणि प्रार्थना सुरू झाली. हल्ली कुणी पाप म्हणतच नाही, ‘सीझन’ म्हणतात. सीझन आंब्याचा असतो.

नाईट_ड्यूटी

भाऊसाहेब, तुमच्याकडे ओतायला बाटली तरी होती. मी काय ओतू?

एप्रिल २०२१. इंदूरमध्ये तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. मी वॉर्डात ड्यूटीवर होते. मास्क लावताना मनात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करायचे आणि ‘आजची भाकर’पर्यंत जायच्या आत पुढच्या बेडचा मॉनिटर वाजायचा. त्यानंतर कितीतरी महिने प्रार्थना अर्धीच. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘मुली, काहीतरी लपलेलं पाप आहे, कबूल कर.’ मी घरी जाऊन खरंच शोधत बसले. सापडलं काय तर थायरॉइड, तेही डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासल्यावर. शिवाय झोप नव्हती, आणि मन इतकं खचलेलं की त्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागलं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी एका रविवारी शास्त्रपाठ ऐकताना रडू आलं.

दुःखात पडलेल्या ईयोबालाच दोष देणारे त्याचे मित्रही तुमच्यासारखेच खात्रीने बोलत होते. ४२:७ मध्ये देवाने त्यांना काय सुनावलं ते एकदा वाचा.

महूचे_भाऊसाहेब

म्हणजे आता पवित्र आत्मा पन्नास मायक्रोग्रॅममध्ये मिळतो म्हणायचा.

नाईट_ड्यूटी

आणि एलीयाची भाकर? ती काय होती? त्याला भूक लागली होती, भाऊसाहेब. देवाला ते कळलं. तुम्हाला कळत नाही, हा माझा त्रास आहे.

जपमाळ_विजयनगर

कॅथलिक आहे, मधे पडते, रागावू नका. तुमच्याकडे हा विषय दर पिढीला नव्याने सापडतो. आमच्याकडे सोळाव्या शतकापासून त्याची चिरफाड चालू आहे.

स्पेनमधला संन्यासी सेंट जॉन ऑफ द क्रॉस याला १५७७ मध्ये त्याच्याच कार्मेलाइट संघातल्या बंधूंनी टोलेडोत कोंडून ठेवलं. १५७८ च्या ऑगस्टमध्ये तो निसटला. अशा कोरड्या काळाला तो ‘अंधारी रात्र’ म्हणतो, आणि तिच्यावर लिहिताना त्याने सरळ विचारलं आहे की हे देवाचं काम, आळस की मनाचा आजार, हे ओळखायचं कसं. खुणा तीन. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगाच्या गोष्टींतही नाही. आपण देवाच्या सेवेत मागे पडतोय ही टोचणी सुटत नाही. आणि पूर्वीसारखं मनन काही केल्या जमत नाही. ज्याला प्रार्थनेत रस नाही पण सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारापर्यंत आहे, त्याने स्वतःला जॉन समजू नये. मनाच्या आजाराची शक्यता त्या माणसाने तेव्हा लिहून ठेवली आहे, तेव्हा नाईट_ड्यूटी ताईंना हसायचं कारण नाही.

जेझुइट संघ काढणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसनेही कोरडेपणाची तीन कारणं दिली: आपली हयगय, देवाने घेतलेली परीक्षा, आणि गोडी आपल्या कमाईची नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. म्हणजे भाऊसाहेब एक तृतीयांश बरोबर आहेत. त्याचा आणखी एक नियम मला सगळ्यांत उपयोगी पडला: अशा काळात आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही. मंडळी बदलू नका, सेवा सोडू नका, नवस बोलू नका. पेटीवाल्यांनी हेच केलं, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मदर तेरेसा. त्यांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा लोक हादरले. मधली १९५८ ची थोडी उसंत सोडली तर जवळजवळ पन्नास वर्षं अंधार. ही पत्रं नष्ट करा म्हणून त्यांनी स्वतः विनवलं होतं. ‘देवाच्या लाडक्यांची शाळा’ असं त्यांनी मिरवलं असतं का?

महूचे_भाऊसाहेब

एक तृतीयांश! आभारी आहे. पण पन्नास वर्षं उत्तर नाही याला मी आदर्श मानणार नाही. आमच्या पंडिता रमाबाई बघा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा, आणि पुढे काही वर्षांनी त्यांनाच कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून नाही. मग ‘हे काय, माझा अंधार आहे’ म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. शोध घेतला, शरण गेल्या. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये केवढं आत्मिक पुनरुज्जीवन घडलं ते सगळ्या जगाने पाहिलं.

पेटीवाला_पलासिया

रमाबाईंचं उदाहरण चांगलं आहे, मानतो. पण मधल्या वर्षांत त्यांनी काय केलं तेही सांगा की. बालविधवांसाठी शारदासदन काढलं, टीका झेलली, काम चालू ठेवलं. शरण गेल्या त्याही काम करता करताच.

आता माझं खरं दुखणं सांगतो. कोरड्या माणसाने रविवारी येऊन गायचं काय? आमच्या वर्शिप टीमची यादी बघा. जय, विजय, सामर्थ्य, अग्नी, आणखी विजय. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं, त्यांत विलापाची सगळ्यांत जास्त. आमच्या पडद्यावर एकही नाही. नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती गीतं होती तेव्हा रडायला जागा होती. ड्रमसेट आला आणि ती जागा गेली, अक्षरशः गेली, कारण माझी पेटी होती त्याच कोपऱ्यात तो ठेवलाय.

स्कीम_५४

आलात काका, मूळ मुद्द्यावर आलात! एवढं एलीयापासून फिरवून शेवटी ड्रमच.

तो ड्रम मी वाजवतो. माझी आज्जी नगरहून लग्न करून इथे आली, तिला ती गीतं पाठ होती. माझ्या शाळेत मराठी नव्हती. घरची मराठी म्हणजे ‘पाणी भरून ठेव’ आणि ‘कुठे उंडारत होतास’. देवनागरी वाचता येते हो, पण तुमच्या गीतपुस्तकातले निम्मे शब्द मला डिक्शनरीत बघावे लागतात. मी हिंदीत प्रार्थना करतो, कारण मला स्वप्नंही हिंदीत पडतात. तुमची मराठी उपासना होते तेव्हा मागचे बाक रिकामे असतात, पुढचेही भरत नाहीत. आम्ही नसतो तर कुलूप लागलं असतं. आणि भिया, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मीही कोरडा होतो. ड्रमच वाजवत होतो. तुमची पेटी चालते, माझा ड्रम का नाही?

सुदामानगरची_आत्या

कुलुपाचं बोलूच नकोस. गीतपुस्तकं स्टोअररूममध्ये टाकली, कसर लागली. मी विचारलं तर म्हणे आता प्रोजेक्टर आहे. लाइट गेली की काय गायचं? आणि नवी पुस्तकं घ्यायला आम्ही बायकांनी चिवडा-चकल्या विकून जमवलेले पैसे साउंड सिस्टिमला गेले. हिशेब अजून मिळालेला नाही. इथे कमिटीचं कुणी वाचत असेल तर वाचा.

स्कीम_५४

आत्या, हिशेबाचं मला विचारू नका, मी कमिटीत नाही. पण प्रत्येक वेळी जनरेशनवर का घसरता?

सुदामानगरची_आत्या

कारण पुस्तकं उचलून ठेवणारी तुमचीच पोरं होती. मी पाहिलं.

तुकोगंज_जुना

मी तुमच्यातला नाही, वारकरी घरातला आहे, पण गप्प राहवत नाही. नारायण वामन टिळक स्वतः म्हणायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, धंदा बुडाला आणि विठ्ठलाशी ते चक्क भांडले. देवाला बोल लावणारे अभंग आम्ही आजही टाळ वाजवून म्हणतो. टिळकांकडे हे कुठून आलं असेल याचा विचार करा.

महूचे_भाऊसाहेब

झालं. पूल ओलांडून माणूस पलीकडे जातो, साहेब. पुलावर घर बांधत नाही. हा ख्रिस्ती विश्वासाचा धागा आहे.

तुकोगंज_जुना

तुम्ही सोयाबीन, थायरॉइड आणि चकल्या सगळं चालवून घेतलंत. तुकोबाच तेवढे धाग्याबाहेर?

जपमाळ_विजयनगर

भाऊसाहेब, पाहुण्यांशी असं बोलतात का?

आणि ‘आधी मन पेटलं पाहिजे’ हा जो तुम्हा सगळ्यांचा हट्ट आहे, त्याबद्दल इथलंच उदाहरण देते. आमच्या नन सिस्टर राणी मारियांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे सिस्टरांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी त्या गर्दीत होते. बहिणीच्या मनात त्या दिवशी काय होतं ते तिला आणि देवाला ठाऊक. मला दिसते ती राखी.

नाईट_ड्यूटी

हे पटलं. माझा ‘आजची भाकर’पर्यंतचा प्रार्थनेचा तुकडा पण धरायचा मग.

महूचे_भाऊसाहेब

राखीपुढे मी काही बोलत नाही. सिस्टरांबद्दल मला आदर आहे. पण ताई, एक लिहून ठेवा: दहा जण थायरॉइड तपासतील, त्यांतल्या एखाद्याच्या कपाटात बाटली निघेलच.

नाईट_ड्यूटी

निघू दे. पण आधी रक्त तपासा, मग कपाट. उलट्या क्रमाने माझं वर्ष गेलं.

स्कीम_५४

पेटीवाले काका, तुमच्या विलापाच्या मुद्द्यावर टीमच्या ग्रुपमध्ये विचारलं. दोघांनी ‘डिप्रेसिंग आहे’ लिहिलं, एकीने काही न लिहिता रडका इमोजी टाकला आणि मग मला पर्सनलवर मेसेज केला की हो, घे. कुणी ते लिहिणार नाही. म्हणून या रविवारी स्तोत्र १३ घेऊ, हिंदीत. ‘हे परमेश्वर, कब तक’ असं सुरू होतं, चालेल? ड्रम ठेवणार नाही, तुमच्यावर मेहरबानी म्हणून नव्हे, त्या चालीत बसत नाही म्हणून. पेटीवर तुम्ही. पट्टी सांगा.

पेटीवाला_पलासिया

काळी एक. आणि एक कडवं मराठीत.

स्कीम_५४

एकच. आणि शब्द पडद्यावर येतील.

सुदामानगरची_आत्या

लाइट गेली तर?

महूचे_भाऊसाहेब

गा, काय गायचं ते गा, मीही येईन. पण त्यावर उपदेश पाऊण तासाचा झाला, तर कोरडेपणाचं चौथं कारण मी स्वतः इग्नेशियसला कळवीन.