खेळाडू मुलांचे पालक: मुलाच्या किटइतकीच स्वतःची काळजीही आवश्यक आहे का?

मूळ लेख (फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचे वडील)

माझा मुलगा ११ वर्षांचा असून गेली तीन वर्षे तो नियमित फुटबॉल खेळतो. त्याच्या किटमध्ये कशाचीही उणीव राहू नये म्हणून मी आणि माझी पत्नी आजवर जिवाचे रान करत आलो आहोत. बूट, नडगीवर बांधायचे शिनगार्ड, मोज्यांचे जादा जोड, पाण्याची मोठी बाटली, टाचेखाली घालायचे मऊ तळवे, सारे काही त्याच्या पिशवीत असते. तरीही दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडून एक गोष्ट सुटली आणि तिच्यामुळेच हा विषय येथे मांडत आहे.

सरावाहून परतल्यावर तो जिना चवड्यांवर चढत असे. मी ते रोज पाहत होतो. पण पहाटे उठून त्याला मैदानावर सोडायचे, तेथून कामावर जायचे आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास मैदानाच्या कडेला उभे राहायचे, या चक्रात मी इतका थकून गेलो होतो की डोळ्यांना दिसलेले मनापर्यंत पोहोचतच नव्हते. शेवटी एका रात्री तो मोज्यांसकट झोपी गेला म्हणून मी मोजे काढू लागलो, तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी पडलेली दिसली. टाच दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, तर तो झोपेतही कळवळला. डॉक्टरांनी ‘सेव्हर्स’ असे निदान केले. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाचा जो कूर्चेचा भाग अजून टणक झालेला नसतो, त्यावर पोटरीचे स्नायू वारंवार ताण देत राहिल्याने हे दुखणे उद्भवते आणि विश्रांतीने ते बरे होते. नखांचा दोष मात्र केवळ बुटांचा होता, कारण त्याच्या अंगठ्यापुढे जागाच उरली नव्हती. तीन प्रकारचे तळवे आणणाऱ्या मला बुटाचे टोक बोटाने एकदा दाबून पाहणे सुचले नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे की पालकाची झोप, पालकाचे पाणी, उन्हातली त्याची टोपी आणि बसायची घडीची खुर्ची या गोष्टींना मुलाच्या किटइतकेच स्थान मिळाले पाहिजे, कारण थकलेल्या माणसाच्या हातून तपासण्याचे काम सर्वांत आधी सुटते. आम्ही आता आठवड्यातील संध्याकाळी वाटून घेतल्या आहेत, आणि सराव चालू असताना मी उभा न राहता मैदानाभोवती चालतो. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा वेळ मला आणखी कुठे मिळणार?

प्रतिसाद १ (मुलांचे प्रशिक्षक)

आपल्या मुलाला आराम पडो, ही मनापासून इच्छा. परंतु आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पालक थकला हे खरे असले, तरी तो का थकला हा प्रश्न आपण सोडून दिलात. ११ वर्षांचे मूल सकाळ-संध्याकाळ दोन वेळा सराव करत असेल, तर दोष खुर्ची नसण्यात नाही, वेळापत्रकात आहे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा आहे की मुलाला आठवड्यातून किमान एक दिवस संघटित खेळापासून पूर्ण सुट्टी असावी आणि एकाच खेळात रमलेल्या मुलाला वर्षातून एकूण सुमारे तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी का होईना, त्या खेळापासून विश्रांती मिळावी. एक साधा ठोकताळाही अनेक तज्ज्ञ देतात: आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. आपण आपल्या मुलाचे तास मोजून पाहावेत. नॉर्वेने तर १९८७ पासून मुलांच्या खेळाचे नियमच केले आहेत आणि त्यांनुसार १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवल्या जात नाहीत. तरीही त्या देशातून जागतिक दर्जाचे खेळाडू घडतातच.

मुलाला सुट्टी मिळाली की पालकाला आपोआप मिळते. वेळापत्रक तसेच ठेवून पालकाने स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे त्याला जास्त काळ राबण्याजोगा करणे होय, आणि मुलाच्या टाचेला त्याने काहीही आराम पडणार नाही. चालण्याबद्दलही एक सांगतो. गोल झाल्यावर मुले आधी कडेला पाहतात, हे मी रोज पाहतो. वडील त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे चालत असतील, तर त्या मुलाला काय वाटत असेल, याचाही विचार व्हावा.

प्रतिसाद २ (दोन जलतरणपटूंची आई)

मी दोन मुलांना एकटीने वाढवते. ‘संध्याकाळी वाटून घेतल्या’ हे वाक्य वाचून मी क्षणभर थांबले, कारण माझ्याकडे वाटून घ्यायला दुसरे कुणी नाही. स्वतःची काळजी घ्या, असा सल्ला आम्हाला वारंवार मिळतो आणि तो न पाळल्याचा अपराधीपणा बाकीच्या कामांच्या यादीत भर घालतो. मुळात ११ वर्षांच्या मुलाचे बूट वडिलांनीच तपासायचे, हे गृहीत का धरायचे?

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. पोहण्याचा चष्मा नीट बसतो की नाही, हे ती स्वतः पाहते. पट्टा डोक्यामागे न ओढता ती दोन्ही भिंगे डोळ्यांभोवती हलकेच दाबते आणि हात सोडते. चष्मा दोन-तीन क्षण तसाच चिकटून राहिला तर तो तिच्या चेहऱ्याला योग्य आहे, लगेच गळून पडला तर पट्टा कितीही आवळला तरी पाणी आत येणारच. हे शिकवायला मला पाच मिनिटे लागली. ओला पोशाख पिशवीतून काढून वाळत घालणे आणि दुसऱ्या दिवशीची पिशवी रात्रीच दाराशी ठेवणे हीसुद्धा मुलांचीच कामे आहेत. मला विश्रांती मिळते ती एवढ्यातूनच, आणि मुलांनाही आपल्या शरीराकडे लक्ष द्यायची सवय लागते.

प्रतिसाद ३ (एक आजोबा)

माझा नातू क्रिकेट खेळतो. चर्चा थकव्यावर चालली आहे, पण पालकांच्या जिवाला खरा घोर असतो तो खर्चाचा, आणि तो कमी करणे हीसुद्धा स्वतःची काळजीच आहे. आमच्या पिढीने मुलांना सारे काही वाढत्या अंगाचे घेतले आणि थोरल्याचे धाकट्याला दिले. दर सहा महिन्यांनी नवे बूट, नवे हेल्मेट, नवी बॅट हा हट्ट अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ४ (यष्टिरक्षक मुलीची आई)

आजोबा, आपल्या अनुभवाचा आदर ठेवूनही मला येथे विरोध नोंदवावा लागतो. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, वाढत्या अंगाचे हेल्मेट चालत नाही. हनुवटीचा पट्टा लावून डोके जोराने हलवले की हेल्मेट कपाळावरून घसरून डोळ्यांवर येत असेल, तर ते डोक्यावर असूनही निरुपयोगी आहे. सैल शिनगार्ड धावताना नडगीवरून फिरून पोटरीकडे जातो. मोठी आणि जड बॅट मूल कशीबशी उचलते, पण तिचे वजन पेलण्यासाठी खालचा हात सगळे काम करू लागतो, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

थोरल्याचे धाकट्याला देण्यास माझाही विरोध नाही, पॅड आणि कपडे अवश्य द्यावेत. हेल्मेटला मात्र आधी जोराचा फटका बसला आहे का, याची खात्री हवी. सायकलच्या हेल्मेटच्या आतला फोम फटका शोषताना चेपला जातो आणि पुन्हा फुगत नाही, म्हणून एका अपघातानंतर ते बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलावे लागते. क्रिकेटमध्ये २०१४ साली ऑस्ट्रेलियाचे फलंदाज फिलिप ह्यूज यांच्या मानेवर चेंडू आदळून त्यांचा मृत्यू झाला, त्यानंतर हेल्मेटच्या मागे लावायच्या मान-रक्षकाचा वापर वाढला. धाकट्याकडे येणाऱ्या जुन्या हेल्मेटला असे रक्षक लावता येते का, हेही पाहावे. नातवाच्या बाबतीत आपण एवढे जरूर करावे, ही विनंती.

प्रतिसाद ५ (आजोबा)

पट्ट्याची परीक्षा आजच घेतली. हेल्मेट पुढे आले. ते बदलतो. बुटांबद्दल मात्र माझे मत कायम आहे.

प्रतिसाद ६ (यष्टिरक्षक मुलीची आई)

बुटांत पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, हे आपल्या मताशी जुळणारेच आहे. त्याहून अधिक मात्र नको, कारण मग टाच आत वरखाली होते आणि फोड येतात. मापही शक्यतो संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात, आणि दोन पायांपैकी जो मोठा असेल त्याचे घ्यावे.

मूळ लेखक

प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून तास मोजले. आठवड्याला १६ निघाले. हा आकडा लिहिताना फार अवघड वाटते आहे, कारण दोन वेळच्या सरावाचा आग्रह मुलाचा नव्हता, माझा होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो सध्या खेळत नाही. पुन्हा सुरू करेल तेव्हा सकाळचा सराव बंद आणि रविवार पूर्ण मोकळा, असे आम्ही त्याच्याशी बोलून ठरवले आहे.

तरीही एका मुद्द्यावर मी ठाम आहे. हे तास तीन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते कधी मोजले नाहीत; मोजायची बुद्धी झाली ती पहिल्यांदा सलग चार रात्री पुरेशी झोप मिळाल्यावर. वेळापत्रक सुधारायलाही शुद्धीवर असलेला पालक लागतो. जलतरणपटूंच्या आईंनी मांडलेली अडचण माझ्या लक्षात आली नव्हती, त्याबद्दल दिलगीर आहे. त्यांची युक्ती मी उचलली आहे: काल नवे बूट आणले, तेव्हा टोक दाबून पाहण्याचे काम मुलाने केले, आणि पहिला जोड त्याने स्वतःच परत ठेवला.

प्रतिसाद ७ (मुलांचे प्रशिक्षक)

१६ वरून किती तासांवर येणार आहात, तेही कळवावे. आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याहूनही कमी ठेवावेत.