सिमेंटचे जुने पत्रे न फोडता कसे उतरवावेत? (सांगली) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावभागात आमचं जुनं घर आहे. मागच्या सोप्यावर आणि न्हाणीवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे आहेत, वडिलांच्या काळातले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं भिंती पार खिळखिळ्या झाल्या, त्यामुळे आता पाडून स्लॅब टाकायचा आहे.

पाडकामवाला म्हणतो, "दादा, घण घातला की अर्ध्या दिवसात खाली." आणि तुकडे कुठल्यातरी खड्ड्यात. शेजारचे काका म्हणतात, फोडू नका, गोठ्याला मला द्या.

या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असतं. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी, पण फोडला, कापला, भोक पाडलं की बारीक तंतू हवेत जातात. त्यानं होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनी दिसतो, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही! आपल्याकडे असे पत्रे आजही दुकानात मिळतात, त्यामुळे "एवढं काय त्यात" हेच ऐकायला मिळतं.

अडचण दोन ठिकाणी आहे. हुक इतके गंजलेत की नट फिरत नाहीत, ग्राइंडर चालेल का? आणि उतरवलेले पत्रे टाकायचे कुठे?

प्रतिसाद १
कुपवाड एमआयडीसीत शेडचे पत्रे बदलले तेव्हा मी तिथं होतो. ग्राइंडर अजिबात नको. खालून बोल्ट कटरनं हुक तोडा. आधी पत्रे भिजवा. द्राक्षबागेचा फवारणी पंप चालतो, पण कोरा हवा, औषध मारलेला नको. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घाला म्हणजे पाणी मुरतं. जोराच्या फवाऱ्यानं धुवायचं मात्र नाही.

आणि कुणालाही पत्र्यावर उभं राहू देऊ नका. जुना पत्रा पायाखाली फुटतो, माणूस सरळ खाली. कर्करोग वीस वर्षांनी, हे त्याच दिवशी. परांची बांधा, एकेक पत्रा हातांनी खाली द्या. रुमाल, साधा मास्क किंवा एन-९५ही कामाचा नाही, पी-१०० फिल्टरचा किंवा एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. खाली झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकंही पत्र्यांबरोबरच बांधून टाका. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात नकोत.

प्रतिसाद २
पत्रे ओले असतानाच जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर "ॲस्बेस्टॉस" लिहा. हा घातक कचरा, महापालिकेच्या घंटागाडीत जात नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात लेखी विचारा. अशा कचऱ्याची जागा पुण्याजवळ रांजणगावला आहे. गोठ्याला देऊ नका, तिथं बसवताना परत भोकं पडणारच.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. काकांची समजूत काढतो, जड जाणार आहे. परांची म्हटल्यावर पाडकामवाल्यानं दर लगेच वाढवला, तो मान्य केला. फक्त एक सांगा, सातारा-सांगलीकडून घरगुती पत्रे कुणी रांजणगावला पाठवलेत का? गाडी स्वतः करावी लागली की ते नेतात? पावसाच्या आत उरकायचं आहे.