जर्मानिक भूतकाळातला ‘द’ कुठून आला? ‘करणे’ की कृदंत?

शब्दखोर:
इंग्रजी, जर्मन या जर्मानिक कुळातल्या भाषा. इंग्रजीचा ‘-एड’, जर्मनचा ‘-टे’ हे त्यांचे भूतकाळाचे प्रत्यय म्हणजे मुळात ‘करणे’ या क्रियापदाचीच उरलेली शेपटी, असं माझं ठाम मत. बिशप वुल्फिलाने चौथ्या शतकात ज्या गॉथिकमध्ये (याच कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) बायबल उतरवलं, तिथे ‘नस्यान’ म्हणजे वाचवणे. ‘मी वाचवलं’ला ‘नसिदा’, पण ‘त्यांनी वाचवलं’ला ‘नसिदेदुन’! आणि जुन्या सॅक्सनमध्ये ‘त्यांनी केलं’ म्हणजे ‘दादुन’. संस्कृत ‘धा’ तोच धातू. आणखी काय पुरावा हवा?

धातुपाठी:
हवा की. ‘देदुन’ एकट्या गॉथिकमध्ये. बाकीच्या बहिणींकडे बहुवचनही आखूडच. शिवाय गॉथिकमध्ये ‘करणे’ला ‘तौयान’. तुमचा धातू क्रियापद म्हणून तिथे नाहीच. आणि ‘वोर्क्यान’ (काम करणे) याचं भूतकाळी ‘वोर्ह्ता’ कसं झालं? ‘ध’चा जर्मानिकमध्ये ‘द’ होतो, ‘त’ नाही. हा ‘युक्त’मधला कृदंताचा, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणाचा, ‘त’ आहे, जोडाक्षरात न बदलता टिकलेला. आपलं ‘केला’, ‘गेला’सुद्धा कृदंतातूनच आलंय ना?

शब्दखोर:
आलंय, आणि त्याची खूण अंगावर आहे: ‘रामाने पोळी खाल्ली’, क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं. आता गॅलेहूसचं सोन्याचं शिंग घ्या. इ.स. ४०० च्या आसपासचं, डेन्मार्कात १७३४ साली सापडलं. (१८०२ मध्ये चोराने वितळवलं, पण चित्रं काढून ठेवली होती म्हणून वाचलो.) त्यावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत: ‘एक ख्लेवगास्तिझ होल्तियाझ होर्ना ताविदो’, म्हणजे मी, होल्तियाझ ख्लेवगास्तिझने, शिंग घडवलं. इथे ‘मी’ प्रथमेत, शिंग द्वितीयेत, आणि क्रियापद ‘मी’प्रमाणे. त्याच सुमाराच्या दुसऱ्या लेखात ‘त्याने घडवलं’ला ‘ताविदे’ आहे. पुरुषानुसार प्रत्यय बदलतो. कृदंत असं कधी वागतं?

वाटसरू:
मी शब्दखोरांकडे. ‘नस्यान’ हे प्रयोजक क्रियापद, त्यातला ‘य’ म्हणजे ‘कथयति’मधला ‘अय’. संस्कृतातही अशा धातूंचं परोक्ष भूत (तिथला एक भूतकाळ) थेट होत नाही, मदतनीस लागतो: ‘कथयामास’, ‘चोरयांचकार’. आपण ‘डाउनलोड केलं’ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

धातुपाठी:
छान, पण ‘वोर्ह्ता’तल्या ‘त’चं काय?

शब्दखोर:
कृदंताच्या संगतीने नंतर शिरला असेल.

धातुपाठी:
नंतर? ‘थाह्ता’ म्हणजे विचार केला, ‘ब्राह्ता’ म्हणजे आणलं, ‘बोह्ता’ म्हणजे विकत घेतलं. रोजच्या वापरातली, घासून गुळगुळीत झालेली क्रियापदं ही. जुनं रूप टिकतं ते अशांतच. ‘नसिदा’च्या साच्यातली शेकडो नियमित रूपं मागाहून पाडलेली असू शकतात.